डीएनए रिपोर्टमधलं ‘इन्फ्लमेशन’चं पान कसं वाचायचं

थुंकीचा नमुना पाठवून केलेला डीएनए रिपोर्ट घरात आला असेल, तर त्यात एक पान बहुतेक वेळा असतंच: ‘इन्फ्लमेशन आणि मेटाबॉलिक हेल्थ’. टीएनएफ, आयएल-६, सीआरपी अशी सुजेशी संबंधित प्रथिनांची नावं, समोर दोन-दोन अक्षरं आणि शेवटी हिरवा, पिवळा नाहीतर लाल गोल. गोल लाल असला की माणसं घाबरतात आणि हिरवा असला की जिलेबीचं ताट पुढे ओढतात. मी सांगलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर नोकरी केली. निवृत्तीनंतर नातेवाइकांचे रिपोर्ट वाचणं हा माझा बिनपगारी धंदा झालाय. उदाहरणाला आमच्या वहिनींचा रिपोर्ट घेते, त्यांना विचारून. साठीनिमित्त मुलाने ती टेस्ट भेट दिली होती. फाइल टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, ‘वन्सं, माझ्या अंगात सूज आहे म्हणे. मला तर कुठं दिसत नाही.’

आधी ते पान उलटं ठेवा

जनुकांचं पान शेवटी बघायचं. पहिल्यांदा शिवणकामाची टेप आणि गेल्या सहा महिन्यांतला रक्ताचा रिपोर्ट काढा. मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे पोट, साखर, बीपी आणि रक्तातली चरबी एकत्र बिघडणं, आहे की नाही हे कुठलंही जनुक ठरवत नाही, पाच खुणा ठरवतात. २००९ मध्ये अनेक आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून ठरवलेली व्याख्या अशी आहे. कंबर: आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमी किंवा त्याहून जास्त. ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या खाली. बीपी वरचं १३० किंवा खालचं ८५ पासून पुढे. उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर. यातल्या कुठल्याही तीन खुणा जुळल्या की सिंड्रोम आहे. बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर आकडा चांगला असला तरी ती खूण जुळली असंच धरायचं. हे बरेच जण विसरतात.

कंबर मोजताना पँटचा नंबर सांगू नका. पुरुषांची पँट पोटाखाली बसते आणि साडी ज्याच्या-त्याच्या सवयीने. सरळ उभं राहायचं, कपडा बाजूला घ्यायचा, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटाने शोधायची आणि त्या दोन्हींच्या मधोमध टेप आडवी धरायची. श्वास साधा सोडून झाला की आकडा वाचायचा. पोट आत ओढलं तर मोजण्यात अर्थ नाही, आणि इथे बघणारं दुसरं कुणी नसतंही.

आपल्यासाठी ९० आणि ८० असे कडक आकडे का, याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर आपण सडपातळ दिसतो, पण चरबी असते, आणि ती पोटात असते. डीएनए रिपोर्टमध्ये ‘तुमचा बीएमआय उत्तम’ असं लिहिलेलं दिसलं की मला हा फोटो आठवतो.

वहिनींची कंबर ८८, ट्रायग्लिसराइड १७२, एचडीएल ४३, साखर १०४, बीपी १२२/७८. पाचांपैकी चार खुणा जुळतात. म्हणजे जनुकांचं पान न उघडताच निदान झालं.

मग सीआरपी, पण नीट

‘सूज’ रक्तात मोजायची तर सहसा सीआरपी बघतात. इथे तीन ठिकाणी लोक चुकतात, आणि त्यातून कधी उगीच घबराट होते, कधी खोटा दिलासा मिळतो.

एक म्हणजे टेस्ट कोणती केली. ताप-न्यूमोनियासाठी करतात ती साधी सीआरपी टेस्ट खालच्या पातळीवर पुरेशी नेमकी नसते. आपल्याला ‘एचएस-सीआरपी’ हवी असते, हाय सेन्सिटिव्हिटीची. दुसरं म्हणजे एकक. काही लॅब आकडा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, काही डेसिलिटरमागे, आणि दोन्हींत दहापट फरक पडतो. ०.३ वाचून खूश होण्याआधी खालचं बारीक अक्षर वाचा. डेसिलिटर असेल तर तो ३ आहे. लिटरमागे १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त असं हृदयविकाराच्या जोखमीसाठी मानतात. १० च्या वर असेल तर जोखीम-बिखीम बाजूला ठेवून आधी कुठे जंतुसंसर्ग आहे का ते शोधायचं.

तिसरी गोष्ट वेळेची. सर्दी, दाढदुखी, नुकतीच घेतलेली लस, गुडघ्याला लागलेला मार, कशानेही सीआरपी चढतं. वहिनींचं ४.६ आलं होतं. ‘मागच्या आठवड्यात काय झालं होतं?’ असं विचारल्यावर रूट कॅनल निघालं. दाढेचं सगळं शांत झाल्यावर पुन्हा केलं तर २.१. म्हणून एकाच आकड्यावर जायचं नाही. निदान दोन आठवड्यांच्या अंतराने, तब्येत ठीक असताना, दोनदा करायची.

आता अक्षरं

पान सरळ करा. प्रत्येक जनुकापुढे ‘आरएस’ने सुरू होणारा क्रमांक आहे का बघा. नसेल तर ते पान तपासताच येत नाही, बाजूला ठेवा. नेहमीचे दोन क्रमांक म्हणजे टीएनएफचा आरएस१८००६२९, ज्याला शोधनिबंधांत ‘−३०८ जी/ए’ म्हणतात, आणि आयएल-६ चा आरएस१८००७९५, म्हणजे ‘−१७४ जी/सी’. दोन्ही जनुकाच्या आधीच्या भागात आहेत. तिथे प्रथिनाची रचना ठरत नाही, जनुक किती जोरात चालवायचं ते ठरतं.

अक्षरं जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. डीएनएला दोन धागे असतात. एकावर सी असेल तर समोर जी असतो, टी असेल तर ए. सुजेशीच संबंधित आयएल-१० चा ‘−१०८२ ए/जी’ व्हेरियंट (माणसागणिक अक्षर बदलणारी जागा) शोधनिबंधांत ए आणि जी असा दिसतो, पण डेटाबेसमध्ये टी आणि सी असा, कारण ते जनुक उलट्या धाग्यावर वाचलं जातं. हे निदान ओळखता तरी येतं. आयएल-६ चा −१७४ मात्र जी किंवा सी असा आहे. धागा उलटला तर जीचा सी आणि सीचा जी, म्हणजे अक्षरं तीच राहतात आणि अर्थ उलटतो. कंपनीने कुठला धागा वापरला हे लिहिलं नसेल तर तुमच्या ‘सीसी’चा अर्थ ‘जीजी’ही असू शकतो. कंपनीला मेल करून एवढंच विचारा: अक्षरं ‘प्लस स्ट्रँड’वरची आहेत का? नीट उत्तर देणारी कंपनी बाकीचंही नीट करत असण्याची शक्यता जास्त.

वहिनींना टीएनएफमध्ये जीजी, हिरवा गोल. आयएल-६ मध्ये जीजी, लाल गोल.

किती जणांना तेच अक्षर आहे?

ही पायरी मला सगळ्यात आवडते, कारण ती फुकट आहे आणि बहुतेक लाल गोल इथेच फिके पडतात. ‘एन्सेम्बल’ नावाची संशोधकांची वेबसाइट सगळ्यांना खुली आहे. तिच्या शोधपेटीत आरएस क्रमांक टाका आणि ‘पॉप्युलेशन जेनेटिक्स’ उघडा. तिथे जगभरच्या लोकसमूहांत ते अक्षर किती जणांत आहे याचे गोल तक्ते दिसतात.

आयएल-६ −१७४ चा सी युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण ४० टक्के प्रतींत आहे (प्रत्येकाजवळ दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून). दक्षिण आशियात त्याच्या निम्म्याहून कमी, आणि चीन-जपानकडे जवळजवळ नाहीच. याचा हिशेब केला तर आपल्याकडे चारांतले जवळपास तीन जण जीजी निघतात. म्हणजे जो लाल गोल बघून वहिनींची झोप उडाली, तो त्यांच्या भिशीतल्या बहुतेक बायकांना मिळाला असता, आणि टोकियोतल्या जवळजवळ प्रत्येकाला. एवढ्या लोकांना लागू होणारी खूण एका बाईबद्दल काय सांगणार?

या तक्त्यातले ‘दक्षिण आशियाई’ कोण तेही खाली लिहिलेलं असतं: ह्यूस्टनमधले गुजराती, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली. मराठी म्हणून वेगळा गट नाही. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात देशभरच्या दहा हजार लोकांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. त्यातून पुढे आपल्या माणसांचे आकडे मिळतील. आज बाजारात मिळणाऱ्या रिपोर्टवरचे बरेच निष्कर्ष मात्र युरोपीय वंशाच्या लोकांवरच्या अभ्यासांतून उचललेले असतात.

टीएनएफच्या हिरव्या गोलाचंही फार कौतुक नको. तिथला ए आपल्याकडे मुळातच थोड्यांना असतो, त्यामुळे जीजी निघणं हीच रीत. शिवाय टीएनएफचं जनुक सहाव्या गुणसूत्रावर प्रतिकारशक्तीच्या जनुकांच्या दाट वस्तीत आहे. युरोपीय लोकांत तो ए बऱ्याचदा शेजारच्या एचएलए जनुकांच्या ठरावीक संचाबरोबरच वारशाने येतो. तेव्हा एखाद्या अभ्यासात ए दोषी ठरला तरी तो दोष खरा त्याचा की शेजाऱ्याचा, हे सांगणं सोपं नसतं.

परिणाम किती मोठा?

रिपोर्टमध्ये ‘जोखीम वाढते’ एवढंच लिहिलेलं असतं. किती, हे शोधा. आयएल-६ च्या याच जागेबद्दल २००६ मध्ये २१ अभ्यासांतल्या वीस हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून बघितली, तेव्हा सी असलेल्यांत टाइप-२ मधुमेहाचा ‘ऑड्स रेशो’ (१ म्हणजे काहीच फरक नाही, त्याखाली जोखीम कमी) ०.९१ निघाला. उलट बाजूने बघितलं तर जीजीवाल्यांना साधारण १.१. हा आकडा माणसांत बदलून बघा. समजा इतरांत शंभरातल्या वीस जणांना मधुमेह होणार असेल, तर जीजीवाल्यांत एकवीस किंवा बावीस जणांना होईल. लाल रंगाला एवढाच आधार.

आणि तोही पक्का नाही. १९९८ मध्ये लंडनच्या गटाला जी असेल तर रक्तातलं आयएल-६ जास्त दिसलं; २००१ मध्ये हृदयाच्या बायपासनंतरच्या रुग्णांत सीसीवाल्यांचं जास्त चढलं. खलनायक कोणतं अक्षर, यावरच वाद असेल तर रंग भरणाऱ्याने कुठला निबंध वाचला त्यावर तुमचा गोल ठरतो.

हे सगळे अभ्यास आधी संशयित जनुक निवडून केलेले होते. पुढे अख्खा जीनोम चाळून, कुणावर आधीच संशय न ठेवता शोध घ्यायला सुरुवात झाली. तिथे लाखो जागा एकदम तपासतात, म्हणून योगायोगाने मिळालेला निकाल खपू नये यासाठी अट फार कडक असते: पी-व्हॅल्यू, म्हणजे योगायोगाचं माप, नेहमीच्या ०.०५ नव्हे, ०.०००००००५ च्या खाली. या चाळणीतून मेटाबॉलिक सिंड्रोमसाठी वर आली ती सीईटीपी, एलपीएल, एपीओए५ यांसारखी मुख्यतः रक्तातल्या चरबीची जनुकं. टीएनएफ आणि आयएल-६ चे हे नावाजलेले व्हेरियंट त्या पहिल्या रांगेत नाहीत. २०१० मध्ये लंडनला राहणाऱ्या भारतीय वंशाच्या पुरुषांवर असाच शोध झाला. चरबीच्या एकेका घटकाशी जनुकं जुळली. पाचही खुणांना एकत्र बांधणारा सामायिक जनुकीय धागा मात्र मिळाला नाही.

यात जीसीकेआर नावाच्या जनुकाचा एक व्हेरियंट मोठा मजेदार आहे, आरएस१२६०३२६. त्याचा टी असेल तर ट्रायग्लिसराइड वाढतं, सीआरपीही थोडं वाढतं, आणि उपाशीपोटीची साखर कमी होते. त्याला लाल रंग द्यायचा की हिरवा? माझ्या पाहण्यातल्या एका रिपोर्टने त्याला दोन वेगवेगळ्या पानांवर दोन्ही दिले होते.

बाण कुठून कुठे जातो

इथे थोडं सावकाश वाचा, कारण रिपोर्टचा अख्खा युक्तिवाद याच जागेवर उभा आहे: जनुकामुळे सूज, सुजेमुळे सिंड्रोम.

या कल्पनेला पाया नाही असं नाही. १९९३ मध्ये गोखान होतामिश्लगिल आणि सहकाऱ्यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ तयार होतं आणि ते अडवलं की इन्सुलिन नीट काम करतं हे दाखवलं. त्याआधी चरबी म्हणजे नुसतं कोठार समजत. पुढे कळलं की फुगलेल्या चरबीत पांढऱ्या पेशी घर करतात, त्या टीएनएफ आणि आयएल-६ सोडतात, आयएल-६ यकृताला पोचतं आणि यकृत सीआरपी बनवतं. म्हणूनच पोट सुटलेल्या माणसाचं सीआरपी जास्त असतं.

पण सीआरपीमुळे सिंड्रोम होतो का? हे तपासायला जनुकांचाच फार हुशारीने उपयोग केला गेला. कोणाला कुठलं अक्षर मिळणार हे गर्भधारणेतच ठरतं. नंतरचं खाणं, सिगरेट, आजारपण ते बदलू शकत नाही. तेव्हा ज्यांचं सीआरपी जनुकामुळेच जन्मभर जास्त असतं, त्यांच्यात सिंड्रोम जास्त दिसला पाहिजे. ब्रिटनमधल्या बायकांच्या मोठ्या अभ्यासात २००५ मध्ये हे बघितलं. सीआरपी जास्त असलेल्या बायकांत सिंड्रोमच्या खुणा जास्त होत्या, पण सीआरपी वाढवणारी अक्षरं असलेल्या बायकांत त्या जास्त नव्हत्या. २०११ मध्ये कोपनहेगनच्या माहितीवर दोन्ही दिशांनी तपासलं: वजन वाढवणारे व्हेरियंट असलेल्यांचं सीआरपी वाढलेलं होतं, सीआरपी वाढवणाऱ्या व्हेरियंटनी वजन वाढलेलं नव्हतं. बाण पोटाकडून सीआरपीकडे जातो. सीआरपी हा पंचनाम्याला येणारा हवालदार आहे. प्रत्येक चोरीच्या ठिकाणी दिसतो म्हणून त्याला चोर म्हणायचं नाही.

सीआरपीच्या वरच्या पायऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, हेही सांगायला हवं. आयएल-६ ज्या रिसेप्टरला चिकटतं त्याच्या जनुकातला एक व्हेरियंट असलेल्यांत हृदयविकार कमी आढळतो, हे २०१२ मध्ये मोठ्या आकड्यांवर दिसलं. २०१७ च्या कँटोस चाचणीत दहा हजारांहून जास्त हृदयरुग्ण होते; काहींना आयएल-१ बीटा हे सूज वाढवणारं प्रथिन अडवणारं कॅनाकिनुमॅब हे औषध दिलं, बाकीच्यांना बिनऔषधाचं इंजेक्शन. मधल्या डोसला हृदयविकाराचे झटके आणि तत्सम घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे सूज रक्तवाहिन्यांना त्रास देते, हे खरं. पण त्याच चाचणीत नव्याने मधुमेह होणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं नाही. माझं मत विचाराल तर हृदयाच्या पानावर ‘इन्फ्लमेशन’ लिहायला थोडी जागा आहे, साखर आणि पोटाच्या पानावर फारच थोडी.

मग करायचं काय

रिपोर्टसोबत सुचवलेल्या ‘अँटी-इन्फ्लमेटरी’ गोळ्या मागवू नका. भाजीत हळद घाला, ती आपण घालतोच. पण हळदीतल्या कर्क्युमिनच्या कडक मात्रेच्या कॅप्सूल, त्यातही मिरीचा अर्क घातलेल्या, घेऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झालेल्या आहेत.

बाकी करायचं ते जुनंच आहे, आणि अक्षर कुठलंही असलं तरी ते लागू पडतं. बऱ्याच जणांत आढळणाऱ्या व्हेरियंटपैकी टाइप-२ मधुमेहाशी सगळ्यात ठळक जोडलेले आहेत ते टीसीएफ७एल२ या जनुकातले. त्याचा पुरावा पुण्याच्या रुग्णांतही मिळाला आहे. अमेरिकेच्या मधुमेह-प्रतिबंध चाचणीत त्याची दोन्ही धोकादायक अक्षरं असलेल्यांना मधुमेह लवकर होत होता, पण चालणं-वजन-आहाराच्या गटात तो फरक जवळजवळ उरला नाही. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी आपल्याकडच्या चाचणीचे आकडे आले: चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने साखर सीमेवर असलेल्या भारतीयांना तीन वर्षं बघितलं. नुसता सल्ला मिळालेल्यांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, आहार-चालण्याच्या गटात ३९.३ टक्क्यांना.

वहिनींचं मी लिहून दिलं ते असं: रात्रीचं जेवण आठच्या आत, भात एक वाटी, आधी उसळ आणि कोशिंबीर, जेवणानंतर दोघांनी कृष्णाकाठी फेरी, दुपारच्या चहाबरोबरचा खारीचा पुडा घरात आणायचाच नाही. कंबर महिन्यातून एकदा, त्याच टेपने. सहा महिन्यांनी लिपिड, साखर आणि एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी). एचएस-सीआरपी पुन्हा करायला सांगितलं नाही. कंबर उतरली की ते बहुधा आपसूक उतरेल. साखरेच्या आणि चरबीच्या गोळीचं काय ते फिजिशियन ठरवतील, त्यात नणंदेने पडू नये.

जनुकांची टेस्ट खरी कुठे लागते

एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १९० च्या वर आणि घरात लवकर आलेले हृदयविकाराचे झटके. किंवा तरुणपणीच हजाराच्या घरातलं ट्रायग्लिसराइड. अशा ठिकाणी एकाच जनुकात मोठा बिघाड असू शकतो. ती टेस्ट थुंकीच्या भेटपेटीतून होत नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणि जनुकीय सल्लागाराशी बोलून करायची असते.

मधुमेहात असंच एक घराणं आहे: मोडी (एमओडीवाय), एकाच जनुकातल्या बिघाडाने तरुणपणी होणारा मधुमेह. पंचविशीच्या आसपास किंवा त्याआधी साखर निघते, मूल अंगाने बारीक असतं, इन्सुलिन अजून थोडं बनत असतं, आणि आजोबा-वडील-मुलगी अशी सलग पिढ्यांत साखर असते. त्यातला एचएनएफ१ए जनुकाचा प्रकार माझ्या जुन्या टेबलाला जवळचा आहे. हे जनुक यकृतात सीआरपीचं जनुकही चालवायला मदत करतं, त्यामुळे ते बिघडलं की एचएस-सीआरपी इतर मधुमेहींपेक्षा पुष्कळ खाली राहतं. अशा तरुणाची साखर २२० आणि एचएस-सीआरपी लिटरमागे ०.१ च्या आसपास दिसलं तर ‘सूज नाही, छान’ म्हणून फाइल मिटू नका. डॉक्टरांना मोडीबद्दल विचारा. हा प्रकार सल्फोनिलयुरिया गटातल्या साध्या, स्वस्त गोळ्यांना फार चांगला प्रतिसाद देतो, आणि निदान पक्कं झाल्यावर काही जणांचं इन्सुलिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंदही करता येतं.